ग्रीसच्या डब्यातलं लिथियम

आजचा विषय जरा चिकट आहे. अगदी शब्दशः चिकट. आज आपण ग्रीसबद्दल बोलणार आहोत, म्हणजे आपल्या मराठीतलं वंगण. "हा काय विषय झाला?" असं म्हणून लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. पाच मिनिटं द्या, मग ठरवा.

तुम्ही हा भाग ज्या फोनवर ऐकताय, त्याच्या बॅटरीत ढोबळमानाने दीड-दोन ग्रॅम लिथियम असतं. बॅटरीत लिथियम असतं हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जो एक किलोचा ग्रीसचा डबा अर्धवट झाकण लावून ठेवलेला असतो ना, त्यातही बहुतेक वेळा साधारण तेवढंच लिथियम असतं. एक फोन आणि एक ग्रीसचा डबा, लिथियमच्या हिशेबात जवळपास बरोबरीला! आणि गंमत अशी की ग्रीसमध्ये लिथियम आलं १९४० च्या दशकात, तर लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली थेट १९९१ मध्ये. म्हणजे बॅटरीच्या कितीतरी आधीपासून लिथियम चाकांच्या तुंब्यात, मोटारींच्या बेअरिंगमध्ये गुपचूप काम करत होतं.

मग ते तिथे करतं काय? वीज साठवतं का? अजिबात नाही. ते तिथे साबण होऊन बसलेलं असतं.

हो, साबण. हे नीट समजून घेऊ, कारण सगळी गोम इथेच आहे.

ग्रीस म्हणजे घट्ट तेल, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. ग्रीसमध्ये मुख्य माल असतो तो तेलच, साधारण ७० ते ९५ टक्के. पण नुसतं तेल बेअरिंगमध्ये घातलं तर ते ओघळून बाहेर येणार. त्याला धरून ठेवायला कुणीतरी हवं. ते काम घट्टकारक करतो, आणि बहुतेक ग्रीसमध्ये हा घट्टकारक म्हणजे एक साबण असतो. साबण बनवायची रीत सोपी: तेला-चरबीतलं आम्ल घ्या, त्यात अल्कली घाला, गरम करा. सोडियमची अल्कली घातली की अंघोळीची वडी होते. पोटॅशियमची घातली की मऊ, पातळ साबण होतो. आणि लिथियम हायड्रॉक्साइड घातलं की जो साबण होतो, तो ग्रीसमध्ये जातो.

हा लिथियमचा साबण तेलात शिजवला, तापमान दोनशे अंशांच्या आसपास नेलं आणि मग बेताने थंड केलं, की त्याचे अतिसूक्ष्म, पिळदार धागे तयार होतात. धागे एकमेकांत गुंततात आणि त्यांच्या जाळीत तेल अडकून बसतं. भांडी घासायचा स्पंज पाण्याने भरलेला असतो तसं. बेअरिंग फिरायला लागलं, दाब आला, की जाळीतून थोडं थोडं तेल सुटतं आणि वंगण होतं. बेअरिंग थांबलं की ग्रीस जागेवर बसून राहतं. म्हणजे घर्षण कमी करायचं खरं काम तेलाचं, आणि तेलाला घरात टिकवायचं काम साबणाचं.

आता मघाचा हिशेब. ग्रीसमध्ये साबण साधारण ६ ते १२ टक्के. या साबणाच्या वजनात लिथियम सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किलोभर ग्रीसमध्ये शंभर ग्रॅम साबण धरला, तर लिथियम दोन ग्रॅमच्या जरासं वर. चहात साखर टाकतो त्यापेक्षाही कमी. पण तेवढं काढून घेतलं तर डब्यात उरेल ते नुसतं तेल.

मग प्रश्न असा की लिथियमच का? सोडियम, कॅल्शियम स्वस्त आहेत, भरपूर आहेत. बरोबर. आणि आधी तेच वापरत होते. कॅल्शियमच्या साबणाचं ग्रीस पाण्याला दाद देत नाही, पावसात-चिखलात उत्तम. पण जुन्या पद्धतीच्या कॅल्शियम ग्रीसची जाळी टिकायला त्यात थोडं पाणी लागतं. ग्रीस तापलं की ते पाणी उडून जातं आणि साबण एकीकडे, तेल दुसरीकडे. शंभर अंशांच्या आसपास तर खेळ खल्लास. उलट सोडियमचं ग्रीस उष्णतेला चांगलं टिकतं, पण पाणी लागलं की विरघळायला लागतं. शेवटी अंघोळीच्या साबणाचाच भाऊ तो!

म्हणजे एकाला ऊन सोसत नाही, दुसऱ्याला पाऊस. त्यामुळे कारखान्यात, गाडीत, विमानात, वेगवेगळ्या जागी वेगवेगळी ग्रीसं वापरावी लागायची. लिथियमच्या साबणाने दोन्ही सोसलं. १९४२ मध्ये क्लॅरन्स अर्ल या अमेरिकी संशोधकाला लिथियम साबणाच्या ग्रीसची पेटंटं मिळाली. तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा. विमान धावपट्टीवर उन्हात तापणार आणि वर गेलं की कडाक्याच्या थंडीत गारठणार. दोन्हीकडे चालेल असं ग्रीस हवंच होतं. युद्ध संपल्यावर तेच ग्रीस मोटारींत आणि कारखान्यांत आलं आणि इतकं पसरलं की आज जगात बनणाऱ्या एकूण ग्रीसमध्ये निम्म्याहून बरंच जास्त ग्रीस लिथियमचं असतं.

ग्रीस किती उष्णता सोसतं हे मोजायची एक साधी चाचणी आहे. खाली बारीक भोक असलेल्या छोट्या वाटीत ग्रीस भरायचं आणि हळूहळू तापवायचं. ज्या तापमानाला पहिला थेंब पडेल, तो त्या ग्रीसचा ड्रॉपिंग पॉइंट. साध्या लिथियम ग्रीसचा १८० ते २०० अंश सेल्सियसच्या आसपास येतो. पण म्हणून ते १९० अंशांवर वापरायचं नाही बरं का! सतत वापरायची मर्यादा त्याच्या बरीच खाली, साधारण १२० अंशांपर्यंत असते. डब्यावरचा मोठा आकडा वाचून हुरळून जाणारे बरेच असतात, म्हणून सांगितलं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. लिथियम साबणात लिथियम आलं, पण आम्ल कुठलं? मघाशी म्हटलं ना, साबणाला तेला-चरबीतलं आम्ल लागतं. तर या ग्रीससाठी सगळ्यात जास्त वापरतात ते आम्ल येतं एरंडेल तेलातून. तेच एरंडेल, जे लहानपणी आजी नाक दाबून पाजायची.

एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. या आम्लाच्या साखळीत बाराव्या कार्बनला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी लटकलेली असते. दुसऱ्या खाद्यतेलांमध्ये ही सहसा सापडत नाही. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की त्यातून १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल मिळतं. नाव लांबलचक आहे, सोडून द्या. ती लटकलेली जोडी लक्षात ठेवा. तिच्यामुळे साबणाचे रेणू एकमेकांचे हात धरतात, धागे मजबूत होतात आणि जाळी टिकते.

आणि जगातला बहुतांश एरंड पिकतो भारतात, त्यातही मोठा वाटा गुजरातचा. म्हणजे दूर कुठेतरी जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये ट्रकच्या चाकात भरलेल्या लिथियम ग्रीसची मुळं आपल्या शेजारच्या राज्यातल्या शेतात असण्याची शक्यता बरीच आहे. तसं पाहिलं तर हे नातं जुनंच. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत होतेच. मराठीत लांबलेल्या निरर्थक बोलण्याला "एरंडाचं गुऱ्हाळ" म्हणतात, पण एरंडाच्या या गुऱ्हाळातून बराच रस निघालाय. असो, माझंही गुऱ्हाळ आवरतं घेतो आणि मुद्द्यावर येतो.

मुद्दा आहे पैशाचा.

लिथियम आता सगळ्यांना हवंय. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजानुसार २०११ मध्ये जगातल्या लिथियमपैकी साधारण १२ टक्के ग्रीसमध्ये जात होतं आणि २७ टक्के बॅटऱ्यांमध्ये. २०२३ मध्ये बॅटऱ्यांचा वाटा ८७ टक्क्यांवर गेला आणि ग्रीसचा उरला २ टक्के. याचा अर्थ ग्रीस कमी खपायला लागलं असा नाही. ग्रीसची भूक तेवढीच आहे, ताट मोठं झालंय आणि बाकीचं सगळं बॅटरीने वाढून घेतलंय.

आता दोन टक्केवाल्याचं बाजारात कोण ऐकतं? भाव ठरतो बॅटरीच्या मागणीवर आणि तो ग्रीसवाल्याला मुकाट मोजावा लागतो. चीनच्या बाजारात लिथियम कार्बोनेट २०२१ च्या सुरुवातीला टनाला एक लाख युआनच्या बऱ्याच खाली होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते सहा लाखांच्या जवळ पोहोचलं. आणि २०२३ संपता संपता पुन्हा लाखाच्या आसपास आपटलं. ग्रीससाठी लागणारं लिथियम हायड्रॉक्साइडही त्याच्याच मागे वर गेलं आणि खाली आलं.

जरा हिशेब करू. एक टन ग्रीस बनवायला, साबण दहा टक्के धरला तर, साधारण १३ ते १४ किलो लिथियम हायड्रॉक्साइड लागतं. किलोला साठ युआन भाव असेल तर त्याचा खर्च ग्रीसच्या किलोमागे आपल्या नऊ-दहा रुपयांत बसतो. भाव किलोला सहाशे युआन झाला की तोच खर्च नव्वद रुपयांच्या घरात जातो. तेल वेगळं, एरंडाचं आम्ल वेगळं, डबा वेगळा, वाहतूक वेगळी. हा माझा ढोबळ हिशेब आहे. ज्याने जुन्या भावाने करार केलाय त्याचं गणित निराळं येईल. पण यावरून अंदाज यावा की इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाजारात तेजी आली की ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा का महाग होतो. शेतकऱ्याने इलेक्ट्रिक गाडी पाहिलीही नसेल, पण तिच्या बॅटरीची झळ त्याच्या खिशाला लागते.

आणि एक फरक ध्यानात घ्या. बॅटरी मेली तरी तिच्यातलं लिथियम परत काढता येतं. तसे कारखाने आहेत. ग्रीसमधलं लिथियम मात्र एकदा गेलं की गेलं. थोडं चिखलात, थोडं पुसायच्या फडक्यात, थोडं जुन्या बेअरिंगसोबत भंगारात. दोन-दोन ग्रॅम करत ते सगळीकडे विखुरतं, आणि विखुरलेलं गोळा करणं कुणालाच परवडत नाही.

म्हणून मग ग्रीसवाले पर्याय शोधायला लागले. पाण्याशिवाय बनवलेलं नवं कॅल्शियम ग्रीस आहे, ते जुन्यापेक्षा जास्त उष्णता सोसतं. कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स आहे, ते पाणी, गंज आणि उष्णता तिन्हींना भारी, पण महाग. पॉलियुरिया आहे, त्यात साबणच नसतो; कायमच्या बंद बेअरिंगमध्ये आणि विजेच्या मोटारींत ते फार चालतं. युरोपात आणखी एक कारण आहे. तिथल्या रसायन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये लिथियम कार्बोनेट, क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड ही तिन्ही संयुगं प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत करावीत असं मत दिलं. तयार ग्रीसमध्ये हायड्रॉक्साइडचा साबण झालेला असतो, त्यामुळे डबा उघडणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पण कारखान्यात हायड्रॉक्साइडची पोती हाताळणाऱ्यांसाठी नियम कडक झाले की बनवणाऱ्याचा खर्च वाढणार, हे उघड आहे.

आता तुम्ही म्हणाल, पर्याय आहेत ना, मग बदला. इथेच खरी मेख आहे, आणि ती मी स्वतः पाहिली आहे.

काही वर्षं मी एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात होतो. तिथे कन्व्हेयरची एक नवी मोटार बसवली होती. बेअरिंगमध्ये कंपनीकडून पॉलियुरिया ग्रीस भरून आलेलं. पाळीवरच्या कुणीतरी नेहमीच्या सवयीने ग्रीस गन घेतली आणि लिथियमचं ग्रीस मारलं. हेतू चांगलाच होता, मशिनची काळजी घ्यावी म्हणून. काही आठवड्यांनी मोटारीतून आवाज यायला लागला. आधी बारीक कुरकुर, मग सरळ ओरडणं. उघडली तर आत ग्रीस नव्हतंच. ताकासारखं पातळ काहीतरी सीलमधून खाली ओघळलेलं, आणि बेअरिंग निळं पडलेलं. आमचे हेड फिटर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, त्यांनी बोट लावून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "दोघांचं पटलं नाही रे." त्या दिवशी पूर्ण लाइन पाच तास बंद होती. डब्यातली बचत किती आणि बंद लाइनचं नुकसान किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

अण्णांचं बरोबर होतं. प्रत्येक घट्टकारकाची जाळी वेगळी. दोन जाळ्या एकत्र आल्या की कधी त्या एकमेकींना मोडतात आणि अडकलेलं तेल सुटून पळतं. लिथियम आणि कॅल्शियम यांचं बऱ्याचदा जमतं. लिथियम आणि पॉलियुरिया, किंवा लिथियम आणि बेंटोनाइट मातीचं ग्रीस, यांचं सहसा जमत नाही. आणि रंगावरून काही कळत नाही! लाल, निळा, पिवळा, हे सगळे कंपनीने घातलेले रंग. "दोन्ही लालच आहेत की!" म्हणून मिसळलं तर फसगत होते.

म्हणजे लिथियम महाग झालं म्हणून उद्या दुकानदाराने दुसरं ग्रीस हातात ठेवलं, तर ते वाईट असेलच असं नाही. कदाचित जास्त चांगलंही असेल. पण जुनं पूर्ण काढून, बेअरिंग धुऊन मगच नवं भरायचं. बदल करायला हरकत नाही, बदल न सांगता होणं वाईट. मला विचाराल तर ग्रीस बनवणाऱ्यांनी डब्यावर घट्टकारकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि मराठीतही छापायला हवं. औषधाच्या गोळीवर आपण घटक वाचतो, मग लाखाच्या मोटारीला काय भरतोय ते का वाचू नये?

आता जाता जाता काही कामाच्या गोष्टी. लिहून घ्या, किंवा खाली वाचा, म्हणूनच तर आपण प्रत्येक भाग लिहून टाकतो.

पहिली. दुकानात "एपी थ्री" किंवा "एमपी थ्री" मागतात, त्याचा गाण्यांशी काही संबंध नाही. एपी म्हणजे सर्व कामांसाठीचं, एमपी म्हणजे अनेक कामांसाठीचं, आणि तीन हा घट्टपणाचा आकडा. अमेरिकेतल्या एनएलजीआय या संस्थेची ही मोजणी आहे, ०००पासून ६ पर्यंत. ००० म्हणजे जवळजवळ ओतता येईल असं, २ म्हणजे शेंगदाण्याच्या बटरसारखं, ३ त्याहून घट्ट, ६ म्हणजे वडीच. बारीक नळ्यांतून ग्रीस ढकलायचं असेल तर ३ नंबर अडकून बसेल. मशिनच्या पुस्तकात जो नंबर असेल तोच घ्या.

दुसरी. जास्त ग्रीस म्हणजे जास्त प्रेम नव्हे. बेअरिंगमधली रिकामी जागा साधारण एक तृतीयांश ते निम्मी भरली की पुरे. ठासून भरलं तर ग्रीस आतल्या आत घुसळलं जातं, तापतं आणि लवकर मरतं.

तिसरी. बाइकच्या चेनला डब्यातलं ग्रीस फासू नका. धूळ धरतं आणि सँडपेपरसारखं काम करतं. चेनसाठी वेगळा स्प्रे मिळतो. आणि ब्रेकच्या डिस्कला किंवा कॅलिपरच्या रबरी सीलला हे ग्रीस चुकूनही लावू नका. डिस्कवर ब्रेक लागणार नाही, आणि खनिज तेलाने ते रबर फुगतं.

चौथी. दाराच्या बिजागरीला, सायकलच्या स्टँडला, शटरच्या पट्टीला पांढरं लिथियम ग्रीस चांगलं. त्यातला पांढरा रंग बहुधा झिंक ऑक्साइडचा असतो.

पाचवी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी. जिथे उष्णता नाही, वेग नाही, नुसता चिखल-पाणी आहे, उदाहरणार्थ नांगराचे सांधे, हातगाडीचं चाक, विहिरीचा रहाट, तिथे कॅल्शियमचं ग्रीस बहुतेक वेळा पुरतं. तिथे लिथियम घालणं म्हणजे शेतात जायला लग्नातला शालू नेसणं. लिथियम वापरावं ते ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाच्या बेअरिंगला, ट्रकच्या तुंब्याला, जिथे ऊन आणि पाणी दोन्ही झेलायचंय. काटकसर पण होईल, आणि ज्याचं काम त्यालाच मिळेल.

बॅटरीच्या गोष्टी सगळेच सांगतात. किती किलोमीटर जाते, किती मिनिटांत चार्ज होते. पण त्या इलेक्ट्रिक गाडीचीही चाकं शेवटी बेअरिंगवरच फिरतात, आणि बेअरिंगला वंगण लागतंच.

या आठवड्यात एक काम करा. घरातला, गॅरेजमधला किंवा शेतावरचा ग्रीसचा डबा शोधा, पुसा आणि त्यावर घट्टकारक कोणता लिहिलाय ते वाचा. लिथियम, लिथियम कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, की काहीच लिहिलेलं नाही? कमेंटमध्ये कळवा. काहीच लिहिलेलं नसेल तर ते आवर्जून कळवा. आणि तुमच्या ओळखीत कुणी मेकॅनिक दादा किंवा फिटर काका असतील तर हा भाग त्यांना पाठवा. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगले किस्से असणार, तेही ऐकायला मला आवडेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, गाडी सांभाळून चालवा. नमस्कार!